कोरड्या अंथरुणांचा माणूस

प्रोकोपीला आम्ही सगळे प्रोन्या म्हणायचो. आमच्या तिसऱ्या तुकडीत चार शिकारी होतो: तुकडीप्रमुख मित्रोफान, मी, आमच्यात वयानं लहान असलेला येफीम आणि प्रोन्या. तंबू सांभाळायला आवदोत्या आजी. प्रोन्या हा मित्रोफानच्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणून तो मित्रोफानला दाजी म्हणायचा. त्याचं ऐकून येफीमही दाजीच म्हणायला लागला, नातं काही नसताना.

शिकारीत प्रोन्या माझ्याहून पुष्कळ सरस होता. हिमावर सेबल या किमती कातड्याच्या जनावराचा माग दिसला की ते आज सकाळी गेलं की काल संध्याकाळी, भरल्या पोटी गेलं की उपाशी, हे तो उभ्या उभ्या सांगायचा. पण एका हिवाळ्याच्या शेवटी, गोठलेल्या नदीवर खालून फुटून वर आलेल्या पाण्यात त्याचा डावा पाय गेला. वर ताजं हिम पसरलेलं होतं, पाणी दिसलं नाही. तंबूपर्यंत तो आला स्वतःच्या पायांनी, पण जिल्ह्याच्या दवाखान्यात त्या पायाची बोटं काढावी लागली. बोटं नसली तरी माणूस चालतो, लाकूड फोडतो. दिवसभर स्कीवरून सेबलच्या मागे मात्र जाता येत नाही.

आम्हाला पगार देणाऱ्या शिकार-फार्मच्या ऑफिसनं त्याला गावाला ऊब पुरवणाऱ्या बॉयलरघरात काम देऊ केलं. कोळसा ओढायचा आणि बाकावर बसायचं. "हिवाळाभर ऊबच ऊब," असं तिथले साहेब म्हणाले म्हणे. प्रोन्याला बायको नव्हती, गावात घर नव्हतं. अशा शिकाऱ्याचं गावात काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं. बॉयलरघराच्या मागे रिकाम्या बाटल्यांचा ढीग होता, आणि तो रचणाऱ्यांतले दोघे एकेकाळी प्रोन्याइतकेच चांगले शिकारी होते.

त्याच शरदात आवदोत्या आजीचे गुडघे गेले. तिला जंगलात जाणं शक्य नव्हतं आणि तिच्या जागी यायला कुणी बाई मिळेना. तेव्हा प्रोन्या मित्रोफानच्या दारात जाऊन उभा राहिला.

"दाजी, तंबू मी सांभाळतो."

मित्रोफान स्कीच्या तळाला कातडं लावत होता. त्यानं वरही पाहिलं नाही.

"ते बायकांचं काम."

"मग मी काय आता पुरुषाचं काम करतोय?"

मित्रोफान कातडं लावत राहिला. आमच्याकडे तंबू सांभाळणं हे पगाराचं काम, आणि त्या जागेवर आजवर बाईच होती. शेवटी ऑफिसनं एवढं मान्य केलं की जानेवारीत सामान घेऊन हेलिकॉप्टर येईल तोवर बघा. मित्रोफानचं समाधान झालं तर ठीक. नाही झालं तर त्याच हेलिकॉप्टरनं दुसरी बाई येईल आणि प्रोन्या जाईल बॉयलरघरात.

जंगलातली पहिली संध्याकाळ मला आठवते. आम्ही परतलो तर तंबूच्या पत्र्याच्या चुलीच्या गालावर लाली चढली होती. प्रोन्यानं चरबीचा तुकडा आगीला दिला, आजी द्यायची तसा, पण आमच्याकडे पाठ करून, चोरल्यासारखा. येफीमनं टोपी काढली आणि खाली बसता बसता म्हणाला, "वहिनी, चहा टाका."

"पाय धू आधी, भावजी," प्रोन्या म्हणाला. "वास येतोय."

आम्ही हसलो. मित्रोफान हसला नाही, पण त्यानं चहा तीनदा मागून घेतला.

आता पुढे जे झालं त्याचं कारण सांगायला हवं. शिकारी अंधारात तंबूतून निघतो आणि अंधारात परत येतो. मधल्या वेळात तंबूत काय चालतं हे आमच्यापैकी कुणीच आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. आम्हाला तंबू माहीत होता तो गरम, चहा तयार असलेला. प्रोन्यालाही तेवढाच माहीत होता. स्कीवर असताना, पापण्या एकमेकींना चिकटत असताना, तो ज्या तंबूची स्वप्नं बघायचा, तसाच तंबू त्यानं आम्हाला द्यायचं ठरवलं. दिवसभर चूल विझू द्यायची नाही. पाणी गोठू द्यायचं नाही. नदीतून कापून आणलेला बर्फ तो सकाळीच बादलीभर वितळवायचा आणि बादली उघडी चुलीवर ठेवून द्यायचा, आम्ही येईपर्यंत. कोण कधी थंडीनं कुडकुडत येईल, त्याला गरम पाणी तयार पाहिजे. लाकडं फोडून फोडून त्याच्या हातांना फोड आले. मनानं फार चांगला माणूस.

काही दिवसांनी आम्हाला रात्री थंडी वाजायला लागली. आम्ही झोपायचो रेनडिअरच्या कातड्यांच्या पिशव्यांत. चूल विझल्यावरही त्या पिशवीत माणूस सुखानं झोपतो. पण आता पिशवी जड लागायची. पायाकडची बाजू ओलसर. मग एके सकाळी येफीम ओरडला.

"अरे, मला धरलंय! कुणीतरी धरलंय!"

मेणबत्ती लावून पाहिलं तर त्याचे केस पिशवीच्या काठाला गोठून चिकटले होते. प्रोन्यानं चाकू आणला.

"हलू नकोस. कान जाईल."

"केस काप, कान नको! माझं अजून लग्न व्हायचंय!"

मी हसत उठायला गेलो तर माझी पिशवी फळीसारखी कडक. वर पाहिलं तर तंबूच्या कापडाला आतून बोटभर जाड पांढरा थर, आणि चूल पेटताच तो वितळून आमच्या डोक्यांवर टपटप गळायला लागला. दिवसभराची ती वाफ कुठं जाणार? आधी कापडात गेली, मग कातड्यांत, मग आमच्या मोज्यांत आणि बुटांत घातलेल्या वाळल्या गवतात.

मित्रोफाननं आपली पिशवी उभी केली. ती भिंतीला टेकून उभीच राहिली, पाहुण्यासारखी.

"प्रोन्या," तो म्हणाला, "तू आम्हाला मायेनं मारशील."

"वाळवतो, दाजी. आजच वाळवतो."

"बाहेर थुंकी खाली पडायच्या आत खडा होतेय. अशा थंडीत ओलं अंथरूण म्हणजे काय, हे मी तुला सांगायचं?" मग जरा थांबून, हळू आवाजात, "हेलिकॉप्टर आलं की जा. तुझ्या बहिणीला मी सांगेन काय ते."

त्या दिवशी प्रोन्यानं पिशव्या चुलीजवळ टांगल्या. संध्याकाळी आलो तर माझ्या पिशवीचं कातडं एका बाजूनं आखडून बुटाच्या तळासारखं झालेलं, आणि हात लावला की केस मुठीत येत होते. येफीम त्या रात्री वहिनी म्हणाला नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

रोज संध्याकाळी वायरलेसची वेळ असायची. गावातून झोया एकेका तुकडीला हाक मारायची, तुकड्या हवामान आणि शिकार सांगायच्या. सगळ्या एकाच लहरीवर, त्यामुळे एकानं खोकलं तरी अख्ख्या जंगलाला ऐकू जायचं. कुणाचं भांडण, कुणाला मूल झालं, सगळं आम्ही तिथंच ऐकायचो. आमच्याकडून नेहमी मित्रोफान बोलायचा. त्या संध्याकाळी त्याचं बोलून झालं, आणि तो यंत्र बंद करणार इतक्यात प्रोन्यानं हात पुढे केला.

"द्या जरा."

मित्रोफाननं त्याच्याकडे पाहिलं. "सगळे ऐकतायत."

"माहीत आहे."

त्याचे कान लाल झाले होते. त्यानं बटण दाबलं. मग म्हणाला, "झोया, उद्या आवदोत्या आजीला बोलावशील का? तिसऱ्या तुकडीतून विचारायचंय. तिची अंथरुणं कोरडी कशी राहायची ते."

क्षणभर नुसती खरखर. मग कुठून तरी एक पुरुष हसला, मग दुसरा. "तिसरी तुकडी, अंथरूण ओलं होतंय का? त्या वयाला होतं कधी कधी!" प्रोन्यानं मान खाली घातली, पण हातातला माइक ठेवला नाही.

"म्हातारी इथंच आहे," झोया म्हणाली. "रोज येऊन बसते ऐकायला. घे गं आजी."

"प्रोन्या?" आजी वायरलेसवर ओरडूनच बोलायची, यंत्र नसतं तरी ऐकू आलं असतं. "चुलीवर काय ठेवतोस दिवसभर?"

"बादली. पाणी गोठू नये म्हणून."

"झाकण?"

"नाही."

"अरे गाढवा, मग तू तंबू सांभाळतोयस की माणसं उकडतोयस? पाणी गोठू नये म्हणून धडपड कशाला? ते गोठलेलंच बरं! बर्फ बाहेर मचाणावर रचून ठेव, कुत्री पाय वर करणार नाहीत एवढ्या उंचीवर. लागेल तेवढाच तुकडा आण, झाकण ठेवून वितळव, चहा कर, संपव."

"आणि चूल?"

"माणसं गेली की विझू दे."

"विझू दे?"

"विझू दे! आणि लगेच पिशव्या बाहेर काढ, आतली बाजू बाहेर करून दांडीवर टाक. आगीपाशी नाही, थंडीत. ओल गोठते, मग शिंगानं झोड, मिठासारखी झडते. तंबूचं कापडही तसंच. गार असताना आतून काठीनं झाडायचं, खाली पडलेलं झाडून बाहेर टाकायचं, आणि मगच चूल पेटवायची. आधी पेटवलीस की गेलं सगळं अंगावर."

प्रोन्या ऐकत होता आणि मान डोलवत होता, जणू आजीला दिसतंय. मित्रोफान चुलीकडे तोंड करून बसला होता, पण तोही ऐकत होता.

"आजी, पण कुणी भिजून आलं तर? तयार पाणी नको?"

"एक किटली ठेवावी. गरम पाणी भर, कातड्यात गुंडाळ आणि तंबूच्या कोपऱ्यात हिमात पूर."

"हिमात? गोठू नये म्हणून हिमात?"

"रानकोंबडी रात्री हिमात शिरूनच झोपते ना रे? चुलीवर झोपते का?"

इतक्यात मध्येच एक बाई बोलली. "आजी, अजिबात सांगू नका त्याला! उद्या सगळे पुरुष तंबूत बसतील आणि आम्हाला सेबलमागे पाठवतील!" ही पाचव्या तुकडीची उल्याना. तिची जीभ अख्ख्या जंगलाला माहीत होती. "आणि ए तिसऱ्या तुकडीच्या नवरीबाई, किटलीला कातडं गुंडाळताना केस आतल्या बाजूला, हां!"

"बाहेरच्या!" आजी ओरडली.

"आतल्या! माझी आई..."

"तुझ्या आईला मी शिकवलंय!"

मग आणखी एक बाई बोलायला लागली, मग चौथी. झोया "वेळ संपली, वेळ संपली" म्हणत होती, तिचं कुणी ऐकेना. पुरुष गप्पच झाले. प्रोन्यानं हळूच यंत्र बंद केलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"झालं का समाधान?" मित्रोफान म्हणाला. "आता सगळ्या जंगलाला कळलं."

"कळू दे, दाजी. झोपायचं आपल्याला आहे."

कळलं म्हणजे लगेच जमलं असं नाही. मुरलेली ओल काढायला पुष्कळ दिवस लागले. शिवाय माणसानं दिवसभर विझलेल्या चुलीपाशी राहायचं म्हणजे काय, ते मी एकदा पाहिलं. माझ्या स्कीचा पट्टा तुटला म्हणून दुपारीच परतलो. तंबूतून धूर नाही. प्रोन्या बाहेर, मिशा पांढऱ्या, लंगडत लंगडत दांडीवरच्या पिशव्या रेनडिअरच्या शिंगानं झोडत होता. पांढरा भुगा उन्हात उडत होता. ते ऊन फक्त नावाला, पण तेवढ्यातही तो पिशवी फिरवून फिरवून उन्हाकडे करत होता.

"पाय?" मी विचारलं.

"जी बोटं नाहीत तीच दुखतात," तो म्हणाला. "असलेल्या पायाचं चांगलं चाललंय. ये, हात घाल."

मी पिशवीत हात घातला, पार पायापर्यंत. कोरडी होती. थंडगार, पण कोरडी, वाळलेल्या गवतासारखी हलकी.

"आता चूल पेटव की," मी म्हटलं. "मी आलोय."

"तू लवकर आलायस, तो तुझा दोष. ते दोघे यायला वेळ आहे. हा घे झाडू, कापड झाडून काढ."

मी झाडू घेतला. नाही कसं म्हणणार?

हळूहळू त्याला वेळ साधायला लागली. आजी ठरलेल्या वेळी चूल पेटवायची. आम्ही कधी लवकर यायचो, कधी उशिरा. प्रोन्या आकाश बघायचा, वारा बघायचा, रात्री नवं हिम पडलं का ते बघायचा. नवं हिम म्हणजे ताजे माग, म्हणजे मित्रोफान लांब जाणार. वारा नदीकडून असला की येफीम कंटाळून लवकर वळणार. आमचे पाय त्याला पाठ होते, इतकी वर्षं आमच्याबरोबर चाललेला. झाडांतून आमच्या स्कीचा आवाज यायचा तेव्हा तंबू नुकताच गरम झालेला असायचा, आणि कोपऱ्यातल्या हिमातून किटली वर यायची. पाणी कोमट असायचं. ते चुलीवर ठेवलं की लगेच उकळायचं, बर्फ वितळायची वाट बघावी लागायची नाही. केस आत की बाहेर हे त्यानं कुणाला सांगितलं नाही.

मित्रोफान काही बोलला नाही. चांगलंही नाही, वाईटही नाही. आमच्यात माणसाच्या तोंडावर त्याचं कौतुक करत नाहीत. केलं की नशीब ऐकतं असं म्हणतात. पण याचा त्रास असा की न बोलणारा माणूस खूश आहे की रागात, हे कळायला मार्ग नसतो. प्रोन्यालाही कळत नव्हतं. एकदा त्यानं मला विचारलं, "दाजी रात्री घोरतो का अलीकडे?"

"घोरतो. फार."

"पूर्वी घोरायचा?"

"आठवत नाही बुवा."

मला वाटतं, मी निदान "नाही" म्हणायला हवं होतं; दाजी आता गाढ झोपतो एवढं तरी त्याला कळलं असतं.

जानेवारी आला. वायरलेसवर झोयानं सांगितलं की हवा साफ राहिली तर सकाळी हेलिकॉप्टर निघेल, आणि पाचव्या तुकडीत बायका दोन आहेत म्हणून त्यातल्या उल्यानाला वाटेत उचलून आमच्याकडे आणेल. ऑफिसचा तसा निरोप आहे. मित्रोफान "ऐकलं" एवढंच म्हणाला आणि यंत्र बंद केलं.

सकाळी आम्ही शिकारीला गेलो नाही. प्रोन्यानं नेहमीप्रमाणे पिशव्या बाहेर टाकल्या, झोडल्या, आत आणल्या. कापड झाडलं. बर्फ फोडून मचाणावर रचला, एखाद्याच्या लग्नाला रचावा तसा. मग आपली वळकटी बांधली, बंदूक आणि एक गाठोडं, आणि ते दारापाशी ठेवून त्यावर बसून राहिला. येफीम त्याच्याभोवती घुटमळत होता.

"गावात सिनेमा तरी असेल," येफीम म्हणाला.

"हो."

"आणि पोरी."

"त्या तुला ठेवतो."

हेलिकॉप्टर नदीवर उतरलं तेव्हा हिमाचं वादळ उठलं. वैमानिक पंखे थांबवत नव्हता. अशा थंडीत यंत्र बंद केलं की परत चालू होईल याचा भरवसा नसतो. पिठाची पोती उतरली आणि पोत्यांमागून उल्याना, जाडजूड, शालीत गुंडाळलेली, बगलेत स्वतःची पिशवी. उतरताच ती ओरडली, "कुठंय ती नवरीबाई?"

प्रोन्या उठून उभा राहिला. तिनं त्याला वरून खाली पाहिलं आणि सरळ तंबूत शिरली. मित्रोफान तिच्यामागे गेला. दार उघडंच होतं म्हणून आम्हाला दिसत होतं. तिनं हातमोजा काढला, एका पिशवीत खांद्यापर्यंत हात घातला, तळाशी चाचपलं, हात बाहेर काढून गालाला लावला. मग दुसरी पिशवी. मग छताच्या कापडावरून बोट फिरवून बोटाकडे पाहिलं. मग कोपऱ्यातलं हिम उकरून किटली काढली, कातडं सोडलं, आणि तिचा चेहराच बदलला.

"केस बाहेर!" ती म्हणाली. "म्हातारीचं ऐकलंस!"

"एक दिवस तसं, एक दिवस असं करून पाहिलं," प्रोन्या दारातून म्हणाला. "काही फरक पडत नाही."

"फरक पडत नाही?"

"वायरलेसवर सांगू नका. आजी जीव देईल."

उल्याना इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. बाहेर वैमानिक हात हलवून बोलावत होता. ती मित्रोफानकडे वळली.

"तुमच्या या पिशव्यांत मी माझं तान्हं लेकरू झोपवलं असतं. मला कशाला आणलंत? दिवसभर या माणसाची खोड काढत बसायला?"

"मी नाही आणलं," मित्रोफान म्हणाला. "ऑफिसनं आणलं."

"मग तोंड नाही का तुला? काल वायरलेसवर सांगता आलं नाही?"

मित्रोफान अडचणीत सापडल्यासारखा उभा राहिला. इतकी वर्षं मी त्याच्याबरोबर होतो, अस्वलासमोर उभा असलेला पाहिला होता, पण असा कधी पाहिला नव्हता. त्यानं टोपी काढली, परत घातली.

"मला वाटलं," तो म्हणाला, "त्यालाच जायचं असेल. थंडीत दिवसभर बिनचुलीचा. माझ्यामुळे कशाला राहावं त्यानं?"

"दाजी!" प्रोन्या म्हणाला. एवढंच.

"मग? राहायचंय का?"

"लाकडं फोडायची राहिलीत अजून," प्रोन्या म्हणाला आणि बाहेर गेला.

मित्रोफाननं एल्क हरणाचं अख्खं मागचं तंगडं उल्यानाच्या हातात दिलं, फुकट फेरी झाली म्हणून. ती ते खांद्यावर टाकून हेलिकॉप्टरकडे पळाली. चढता चढता मागे वळून काहीतरी ओरडली, पण पंख्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही. येफीमचं म्हणणं, शिवी होती.

दुसऱ्या सकाळी आम्ही अंधारातच उठलो. चहा झाला. प्रोन्या पाव कापत होता. मित्रोफाननं बूट चढवले, बंदूक घेतली, दारापर्यंत गेला, आणि थांबला. मग मागे फिरून त्यानं आपली पिशवी उचलली, आतली बाजू बाहेर केली आणि बाहेर नेऊन दांडीवर टाकली. आत येऊन आमच्या दोघांकडे पाहिलं.

"काय बघताय? तुमच्या काय तो उचलणार? लंगडा माणूस आहे."

आम्ही आमच्या पिशव्या उचलल्या.